साथीच्या गणिती मॉडेलवरून पालिकेने बेडचं नियोजन करावं का? कोविडमध्ये तर सगळे अंदाज चुकले!

करावं. आणि 'सगळे अंदाज चुकले' हे वाक्य ऐकलं की माझं डोकं सणकतं, म्हणून लिहायला बसलोय.

मी नाशिकला ज्युनिअर कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवतो. दुसऱ्या लाटेत शिक्षकांना ड्युटी लागली, माझ्याकडे सिडको भागातल्या पेशंटची यादी एक्सेलमध्ये भरायचं काम आलं. यादीत रिपोर्ट पॉझिटिव्ह आल्याची तारीख होती, पण लक्षणं कधी सुरू झाली तो रकाना रिकामा, नाहीतर तिथे परत रिपोर्टचीच तारीख ठोकलेली. साहेबांना म्हटलं, हे भरल्याशिवाय आलेख काढण्यात अर्थ नाही. तर म्हणाले, "सर, लोक ऑक्सिजनसाठी वणवण फिरतायत आणि तुम्ही तारखा काय घेऊन बसलात?"

अहो, फिरतायत म्हणूनच तारखा हव्यात ना! रुग्ण पाच दिवसांत दुप्पट होतायत आणि तुमचा आकडा पाच दिवस शिळा आहे, तर तुम्ही निम्म्याच साथीची तयारी करताय. त्यात रविवारी तपासण्या कमी, मग सोमवारी आकडा उतरला की लोक म्हणणार साथ ओसरली.

मग ड्युटीनंतर मी घरून फोन लावायला लागलो. ताप कधी आला विचारलं की कोणालाच धड आठवायचं नाही, सणवार विचारला की लगेच. एक मावशी म्हणाल्या, "पाडव्याला श्रीखंडाला चवच लागली नाही ओ." पाडवा होता १३ एप्रिलला, यादीत त्यांची तारीख २०. मधल्या आठवड्यात त्या घरात स्वयंपाक करत होत्या, सगळ्यांना वाढत होत्या, आणि आपल्या मॉडेलच्या लेखी त्या ठणठणीत!

केरमॅक आणि मॅकेंड्रिक या दोन शास्त्रज्ञांनी १९२७ मध्ये साथ कशी पसरते याचं आपलं समीकरण पडताळून दाखवलं ते आपल्या मुंबईच्या १९०५-०६ च्या प्लेगवर. दर आठवड्याच्या मृत्यूंची नोंद होती म्हणून ते जमलं. शंभर वर्षांपूर्वीचे कारकून नोंद ठेवू शकले, मग आपल्याला काय धाड भरली होती?

कोविडचे अंदाज देणाऱ्या, सरकारी पाठबळ असलेल्या 'सूत्र' मॉडेलला दुसऱ्या लाटेची उंची आधी सांगता आली नाही हे खरंय. पण डेल्टा या विषाणूच्या नव्या प्रकाराने संसर्गाचा वेगच बदलला, तो बदल कळायला ताज्या नोंदी लागतात, नुसतं गणित काय करणार. आणि मॉडेलला 'पीक, म्हणजे साथीचा कळस, कोणत्या तारखेला' हे विचारूच नका, 'आठवडाभर आधी तपासण्या वाढवल्या तर किती बेड वाचतील' हे विचारा. उत्तरही कमीत कमी किती ते जास्तीत जास्त किती असंच घ्या, आणि दोन-तीन आठवड्यांपुढचं धरून चालू नका.

हां, पाच-दहाच केसेस असतील तर ही समीकरणं चालत नाहीत, तिथे नशिबाचा भाग मोठा असतो. डेंग्यूलाही जशीच्या तशी लावू नका, तिथे डास आणि पाऊस धरावा लागतो.

आता २०२७ चा सिंहस्थ येतोय. कॉलरा दूषित पाणी पोटात गेल्यापासून काही तासांत ते पाच दिवसांत उठतो, तोवर भाविक आपापल्या गावी पोचलेला असतो. त्यामुळे रामकुंड, तपोवन, त्र्यंबक, जिथे जिथे तात्पुरते दवाखाने लागतील तिथल्या केसपेपरवर 'त्रास कधी सुरू झाला' आणि 'मुक्काम कुठे होता' हे दोन रकाने आत्ताच छापून घ्या. तुम्ही पालिकेत असाल तर रिकामा रकाना असलेला कागद परत पाठवा, साहेब कितीही ओरडले तरी.