कमांड लाइनवरून हजारभर फोटोंची तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश एक्सेलमध्ये कसे काढायचे? की हाताने टाइप केलेलं बरं?

एक्झिफटूल वापरा, दुसरं काही शोधत बसू नका. फोटोच्या फाइलमध्ये दडलेली तारीख, वेळ, ठिकाण वाचणारा हा प्रोग्रॅम. फिल हार्वे नावाच्या गृहस्थांनी पर्लमध्ये लिहिलेलं आहे, २००३ पासून फुकट मिळतंय. तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की 'ऑफिसातले म्हणतात, हाताने भरलं की निदान खात्री असते.' खरं सांगायचं तर हे वाक्य वाचलं म्हणून लिहायला बसलो. असंच म्हणणारा एक माणूस आमच्या घरात आहे.

जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरला माझा फोटो स्टुडिओ आहे. सहा-सात वर्षांपूर्वी जूनच्या सुरुवातीला संध्याकाळी पाचच्या सुमारास वारा सुटला. कटाईवर आलेली केळी घडाच्या वजनाने आधीच ओणवलेली असते, तिला आडवं व्हायला फार वारा लागत नाही. पाऊण तासात बागाच्या बागा झोपल्या. पंचनाम्यासोबत फोटोंची यादी हवी होती: गट नंबर, तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश. गावातले चौतीस जण आपापले फोन घेऊन स्टुडिओत आले आणि ८४० फोटो गोळा झाले.

त्याच वेळी आमचे जिजाजीही मदतीला धावले. सावद्याला त्यांचा टायपिंगचा क्लास आहे. 'पोरं बसवतो, दोन दिवसांत काम करून देतो,' म्हणाले. मी म्हटलं, दोन मिनिटांचं काम आहे. तिथेच ठिणगी पडली.

कमांड सांगतो. मोबाईलवर मराठीत लिहितोय, तुम्ही ती इंग्रजी अक्षरांत घाला. एक्झिफटूल, मग डॅश सीएसव्ही (एक्सेलमध्ये उघडणारी साधी यादी), डॅश आर (आतली फोल्डरंही वाचायला), डॅश डेटटाइमओरिजिनल (फोटो काढल्याची तारीख-वेळ), डॅश जीपीएसलॅटिट्यूड हॅश, डॅश जीपीएसलाँगिट्यूड हॅश, मग फोल्डरचं नाव, मग मोठ्यापेक्षाचं चिन्ह आणि यादीच्या फाइलचं नाव. या नावांना टॅग म्हणतात, म्हणजे फोटोतल्या माहितीचे कप्पे. टॅगला चिकटून येणारा तो हॅश महत्त्वाचा. त्याने अंश-मिनिट-सेकंदाऐवजी सरळ दशांश आकडा मिळतो. डॅश एन दिलं तरी तेच होतं, पण मग तारखेचा साचा बदलता येत नाही. आणि तारीख बदलावीच लागते, कारण फोटोतल्या तारखेत वर्ष-महिना-दिवसाच्या मध्ये कोलन असतात आणि एक्सेल तिला तारीख मानत नाही. डॅश डी देऊन साचा सांगा, तो टक्क्याच्या चिन्हांनी लिहितात. कमांड साठवून ठेवायची बॅच फाइल करणार असाल तर त्यातलं प्रत्येक टक्क्याचं चिन्ह दोनदा लिहा, नाहीतर अर्धा दिवस डोकं धराल. मी धरलंय.

गट नंबरसाठी वेगळं काही करायचं नाही. प्रत्येक गटाचं फोल्डर त्याच नंबराने करा. सीएसव्हीच्या पहिल्या रकान्यात फाइलचा पत्ता येतो, त्यात नंबर आपोआप दिसतो. फोल्डरला 'तुकारामआबांची वरची बाग' असं मराठी नाव देऊ नका, विंडोजवर अक्षरांचा काला होतो.

आता माझी चूक, कारण जिजाजी ती सगळ्या खान्देशाला सांगून झालेत. तेव्हा मला वाटलं, फोनचं घड्याळ कोणी पुढे-मागे केलेलं असेल, उपग्रहाची वेळ पक्की. म्हणून डेटटाइमओरिजिनलऐवजी जीपीएसडेटटाइम काढलं. यादी छापली. जिजाजींनी चष्मा वर केला, एका ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, 'काय भो, वादय याच्या आधीच केयी पडेल होती का?' ओळीत वेळ होती १२:४५, म्हणजे भर दुपारची. वादळ पाचला, आणि फोटोत आडवी बाग.

आकड्याच्या शेवटी एक बारीकसं झेड होतं, ते मी वाचलंच नव्हतं. जीपीएसची वेळ जागतिक वेळेत असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. फोटो संध्याकाळी सव्वासहाचा होता. टॅगचं नाव बदललं, कमांड पुन्हा चालवली, आणि चहा येईपर्यंत ८४० ओळी दुरुस्त होऊन आल्या.

हा चहाचा भाग जिजाजी कधीच सांगत नाहीत. त्यांच्या पोरांनी हाताने टाइप केलेल्या यादीत काय झालं होतं, तेही सांगत नाहीत. विंडोजमध्ये फोटोची प्रॉपर्टीज उघडली की अक्षांश '२१; १४; ३०' असा दिसतो. पोरांनी तो सरळ २१.१४३० असा टाइप केला. २१ अंश १४ मिनिटं ३० सेकंद म्हणजे २१.२४१७. फरक दिसायला चिमूटभर, पण शेत जवळजवळ ११ किलोमीटर दक्षिणेला सरकतं. सात-आठ ओळींत तर अक्षांश-रेखांशाची अदलाबदल झाली होती. ७६ उत्तर, २१ पूर्व हे नकाशावर बघा. नॉर्वेच्याही वर, बर्फाच्या समुद्रात आमची केळी! ती यादी दुरुस्त करायला कमांड नव्हती, पोरंच पुन्हा बसवावी लागली. म्हणे खात्री असते.

पण खरं भांडण याच्या पुढचं आहे. ९७ फोटोंत अक्षांश-रेखांश नव्हतेच, कारण त्या फोनचं लोकेशन बंद होतं. यादीत रकाने रिकामे आले. जिजाजी म्हणाले, 'भरून टाक ना, शेत कुठे आहे ते आपल्याला माहीत नाही का?' मी म्हटलं, आपल्याला माहीत आहे, फोटोला माहीत नाही. यादी फोटोची आहे. त्यावर बहिणीसमोर मला 'अडेलतट्टू' म्हणाले. मी ते रकाने रिकामेच पाठवले. आठवड्याने पाहणीला आलेल्या माणसाने सगळ्यात आधी तेच गट पाहिले, रिकामे होते म्हणूनच. जिजाजींच्या मते हा योगायोग. तुम्हीही भरू नका.

विंडोजवर उतरवलेल्या फाइलच्या नावात कंसात डॅश के असतं, तो कंस काढून नाव बदला, आणि सोबत येणारं फाइल्सचं फोल्डर तिच्या शेजारीच ठेवा. कमांड जुन्या काळ्या खिडकीतच, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्येच चालवा. पॉवरशेल नावाच्या नव्या खिडकीतून मोठ्यापेक्षाच्या चिन्हाने फाइल लिहिली तर एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, बदलण्याची शक्यता असते. सुरुवातीला काहीच हलत नाही म्हणून घाबरून बंद करू नका, सीएसव्ही करताना ते आधी सगळे फोटो वाचून घेतं आणि मग लिहितं.

आणि हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: डॅश सीएसव्हीच्या पुढे चुकूनही बरोबरचं चिन्ह लावू नका. मग गाडी उलटी फिरते, फाइलमधलं फोटोत लिहिलं जातं. मूळ फोटोची प्रत ओरिजिनल नावाने शेजारी राहते म्हणून जीव वाचतो, पण तरी आधी फोल्डरची कॉपी करा. व्हॉट्सॅपवर फोटो म्हणून आलेल्या फोटोंत यातलं काहीच उरलेलं नसतं. डॉक्युमेंट म्हणून मागवा किंवा केबल लावा. फोनचंच घड्याळ चुकीचं असेल तर डेटटाइमओरिजिनलही चुकीचं, तिथे मीही काही करू शकत नाही. प्रश्नाखाली तुम्ही व्हिडिओंचंही विचारलंय, ते मी कधी केलेलं नाही.

जिजाजी दर आखाजीला बहिणीला घ्यायला येतात. मांडे आणि रस पुढ्यात आला की '१२:४५' निघतंच. यंदा मी त्यांची ती नॉर्वेची यादी लॅमिनेट करून ठेवली आहे.

हो, एक्सएलएसएक्स, म्हणजे एक्सेलची स्वतःची फाइल, थेट निघत नाही. सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडायची आणि सेव्ह ॲज करायची. एवढं जिजाजींनाही येतं.