आजी ‘लक्ष ठेव’ म्हणाली म्हणजे

प्रिय पिल्लू,

काल आजीनं फोनवर दादाला ‘हिच्यावर लक्ष ठेव रे’ असं बजावलं आणि तू गाल फुगवून बसलीस. ‘मी काय चोर आहे का?’ म्हणालीस.

चोरावर ठेवतात ती पाळत. ज्याच्यावर ठेवायची त्याला पत्ता लागू द्यायचा नाही. साध्या वेशातल्या पोलिसांचं काम ते. नजर ठेवण्यातही संशयाचा वास येतो. लक्ष मात्र आपण गॅसवरच्या दुधावरही ठेवतो. दुधावर कुणाचा संशय नसतो, उतू जाईल एवढीच धास्ती. आजीची धास्ती तसलीच.

आणि ‘अभ्यासाकडे लक्ष दे’ म्हणते ते आणखी निराळं. लक्ष ‘कडे’ देतात, ‘वर’ ठेवतात. द्यायचं तर सगळं द्यावं लागतं. ठेवलेलं मात्र दुसरं काम करता करताही चालतं. म्हणून दादा गेम खेळत तुझ्यावर लक्ष ठेवू शकतो. निदान त्याचं तरी म्हणणं तसं आहे.

मला स्वतःला राखण हा शब्द आवडतो. ज्वारी दाण्यावर आली की शेतात मेढी रोवून उंच माळा बांधतात. राखणारा त्यावर उभा राहतो, हातात गोफण. गोफणीत खडा घालायचा, दोन्ही टोकं धरून डोक्यावर गरगर फिरवायची आणि एक टोक सोडून द्यायचं. खडा सूं करत सुटतो, थवाच्या थवा उठतो. पाखराला तो लागलाच पाहिजे असं काही नाही, भीती घातली की झालं. पहारा एका जागी उभा असतो, गस्त फिरते. राखण पीक घरात येईपर्यंत संपत नाही. आणि राखणाराच खायला लागला, तर ‘कुंपणच शेत खातं’ म्हणायचं.

लग्नातही एक राखणारी असायची, पाठराखीण. नवरी पहिल्यांदा सासरी निघाली की माहेरचं एखादं माणूस सोबत जायचं, बहुधा बाईच. परक्या घरात तिला आपलं कुणीतरी असावं म्हणून. आता कुणाची बाजू घेतली तरी पाठराखण केली म्हणतात. वर्तमानपत्रांत तर पुढारी एकमेकांची पाठराखण करतच असतात!

निगा झाडांची, यंत्रांची, आजारी माणसाची. देखरेख कामावर. ते तुला कळेलच हळूहळू.

बघणं हा शब्द दिसतो साधा, पण फसवा आहे. ‘बाळाकडे जरा बघ’ म्हटलं तर पाच मिनिटांचं काम. ‘आईला कोण बघतं?’ म्हटलं, की त्यात औषधं, दवाखाना, रात्री-अपरात्री उठणं, सगळं आलं. घरी फोन केला की शेजारपाजारचे मला हेच विचारतात. व्हिडिओवर मी आजीला रोज बघते गं, पण आजीला बघते ती तुझी मावशी.

तुझी,
आई