उत्तर: मिनीगेममध्ये टॉपला, रँक्डमध्ये मात्र धुलाई

तुझी पोस्ट वाचून हसू आलं, राग मानू नकोस, कारण दीड वर्षापूर्वी मी शब्दन् शब्द हेच लिहिलं असतं. स्ट्रीट फायटर ६ हा मारामारीचा व्हिडिओ गेम, त्याच्या वर्ल्ड टूर या एकट्याने खेळायच्या भागात बास्केटबॉल पॅरीत (पॅरी म्हणजे आलेला वार नेमक्या क्षणी बटणं दाबून अडवणं) एक चेंडू सुटत नाही, हाडो पिझ्झाची ऑर्डर चुकत नाही, आणि रँक्डला, म्हणजे ऑनलाइन क्रमवारीच्या मॅचना, गेलास की सिल्व्हर या खालच्या पायरीवर सलग ९ मॅच हरलास. मग हे मिनीगेम नक्की शिकवतात काय, हा तुझा प्रश्न. खाली दोघातिघांनी "प्रॅक्टिस कर ब्रो" लिहिलंय, ते सोडून दे. प्रॅक्टिस तू करतोयसच, तिथेच तर घोळ आहे.

आधीच सांगतो, मी प्रो वगैरे नाही. प्लॅटिनमच्या वर कधी टिकलो नाही, वय चाळिशीकडे, रात्री ११ नंतर पोरं झोपली की खेळतो. गेममधलं माझं पात्र केन, क्लासिक कंट्रोल. मॉडर्नवाल्यांनी (सोप्या कंट्रोलवाल्यांनी) आपापलं बघून घ्या. ड्राइव्ह गेज (पॅरीसारख्या चालींना लागणारी ताकदीची पट्टी), बर्नआउट (ती पट्टी संपणं) वगैरे तुला माहीत असणारच, त्यात जात नाही.

तर माझं घोडं कुठे पेंड खात होतं ते ऐक. बास्केटबॉल पॅरी मला प्रचंड आवडलं. चेंडू आला, मिडियम पंच आणि मिडियम किक एकत्र, टण्ण. मला वाटलं परफेक्ट पॅरीची विंडो, म्हणजे दाबायला मिळणारा वेळ, २ फ्रेमची (सेकंदाला ६० फ्रेम), म्हणजे सेकंदाचा तिसावा भाग, ती हातात बसली की झालं आपलं काम. चार महिने ऑफिसमधून आलो की पहिला अर्धा तास हेच. बायको म्हणायची तो खरा बास्केटबॉल तरी खेळ, पोट कमी होईल. आणि हाताला सवय अशी लागली की समोर काहीही हललं की पॅरी. तो चालत आला, पॅरी. उडी मारली, पॅरी. नुसता पुढेमागे करत उभा राहिला तरी माझी पॅरी.

मग एका रविवारी रात्री एक झँगीफ (उचलून आपटणारा पैलवान) खेळणारा भेटला. पहिल्या राउंडला त्याने दोन लाथा मारल्या, मी दोन्ही पॅरी केल्या, मनात लाडू फुटले. त्यानंतर त्याने लाथ मारलीच नाही. माझ्यापासून अर्ध्या पावलावर येऊन नुसता उभा राहायचा. मी पॅरी दाबली की एक पाऊल पुढे, आणि उचलून आपटला. पॅरीमध्ये असताना थ्रो, म्हणजे पकडून आपटणं, खाल्ला की तो पनिश काउंटर धरतात, म्हणजे मार नेहमीपेक्षा जास्त. एकदा, दोनदा, तीनदा, त्याच जागेवर. चौथ्या वेळी मी मनात अक्षरशः म्हणत होतो दाबू नको, दाबू नको, आणि बोटांनी दाबलं.

त्या रात्री रिप्ले लावून इनपुट मोजले. दोन राउंडमध्ये पॅरी २३ वेळा, त्यातल्या ४ वेळा समोरून खरंच काही आलेलं. बाकी १९ वेळा मी हवेशी लढत होतो आणि वर ड्राइव्ह गेज फुकट जाळत होतो.

चेंडू तुला थ्रो मारत नाही रे. तो थांबून बघत नाही की हा माणूस घाबरून काय दाबतो. तो सुटला की येणारच. त्यामुळे कधी दाबायचं एवढंच तू शिकतोस, आणि दाबायचं की नाही हा प्रश्न तिथे येतच नाही, मॅचमध्ये तर निम्म्याहून जास्त वेळ तोच प्रश्न असतो. हे माझं मत आहे हां, माझ्याहून वरचे खेळाडू वेगळं सांगतील तर त्यांचं ऐक.

हा बास्केटबॉल काही नवीन नाही. १९९९ च्या थर्ड स्ट्राइकमध्येही (याच मालिकेतला जुना गेम) बोनस स्टेजला शॉन हे पात्र चेंडू फेकायचं आणि आपण जॉयस्टिक पुढे टॅप करून पॅरी करायची. त्याच गेममधला २००४ च्या एव्हो या मोठ्या स्पर्धेचा तो व्हिडिओ तू पाहिला असशीलच, दाइगो उमेहारा या खेळाडूचा केन, आयुष्य जवळजवळ शून्य, आणि जस्टिन वाँगच्या चुन-लीच्या सुपरचे (सगळ्यात जोरदार चाल) १५ च्या १५ हिट पॅरी. सगळे हातांचं कौतुक करतात. पण सुपरचा फ्लॅश दिसल्यावर पुढे टॅप करायला वेळच नसतो, पहिली पॅरी आधीच दाबावी लागते. म्हणजे जस्टिन आता सुपर मारणार हे दाइगोने आधीच ओळखलं होतं. पुढचे १४ हिट म्हणजे चेंडू, ते सरावाने येतात. पहिला हिट मात्र चेंडू नव्हता.

पिझ्झाची मात्र मी बाजू घेईन. स्क्रीनवर कमांड (बटणांचा क्रम) दिसते, ती वेळेत काढायची, बस. ज्याची शोर्युकेन (उडी मारून वर जाणारा ठोसा) १० पैकी ४ वेळा निघते त्याने खुशाल पिझ्झे लाटावेत, माझी शोर्युकेन तिथेच सुधारली आणि वर झेनी (गेममधले पैसे) मिळाले ते वेगळे. फक्त तिथे दिसलेली कमांड मारायची असते आणि मॅचमध्ये कुणी कमांड दाखवत नाही, त्यामुळे १५ मिनिटांच्या वर त्यात वेळ घालवू नकोस. ट्रक फोडायचा गेम टाइमपास आहे, मला आवडतो कारण लहानपणी नाशिकला स्टँडजवळच्या पार्लरमध्ये स्ट्रीट फायटर २ ची गाडी फोडायला रुपया रुपया घालवलाय, पण शिकवत काही नाही. मॉर्टल कॉम्बॅट या दुसऱ्या गेमचं टेस्ट युअर माइट तर त्याहून, बटणं बडवा, वीट फोडा. त्याने कंट्रोलर तेवढा झिजतो.

मी पुढे काय केलं ते सांगतो, तुला जमलं तर कर. ट्रेनिंग मोडमध्ये डमीच्या (समोरच्या सरावाच्या पुतळ्याच्या) चाली रेकॉर्ड केल्या. एका स्लॉटमध्ये चालत येऊन थ्रो, दुसऱ्यात क्राउच मिडियम किक (खाली बसून मारलेली लाथ), आणि तिसऱ्या-चौथ्यात काहीच नाही, नुसतं पुढे यायचं आणि मागे जायचं. "काहीच नाही" मुद्दाम दोन स्लॉटमध्ये, म्हणजे रँडम प्लेबॅकला (स्लॉट कुठल्याही क्रमाने लावताना) ते जास्त वेळा येतं. २० वेळा खेळायचं. किक ब्लॉक किंवा पॅरी केली तर १, थ्रो तोडला तर १, आणि काहीच नसताना पॅरी दाबली तर उणे २. भाचा राहायला आला होता, त्याच्याशी पैज लावली, ज्याचा स्कोर कमी त्याने चहा करायचा. पहिला आठवडा माझा स्कोर शून्याच्या वर गेला नाही, त्या आठवड्यात चहा मीच केला. ड्राइव्ह इम्पॅक्टसाठीही (अंगावर येणारा जबर वार) असाच स्लॉट कर, त्याला २६ फ्रेम लागतात म्हणजे अर्ध्या सेकंदाला थोडे कमी, पण एकटा इम्पॅक्ट रेकॉर्ड करू नकोस, फायरबॉलमध्ये मिसळ, नाहीतर त्याचाही चेंडूच होईल.

जाता जाता एक, विषयाबाहेरचं आहे पण राहवत नाही. टीव्हीवर खेळत असशील तर गेम मोड चालू आहे का बघ. मला दाबल्यावर हालचाल उशिरा व्हायची, मी सर्व्हिस सेंटरला फोन केला, तीन दिवस "आज येईल" ऐकलं, मग माणूस आला, व्हिजिटचे ५०० घेतले, टीव्हीला मागून दोन टपल्या मारल्या आणि म्हणाला पॅनल गेलंय, १४ हजार. मी पैसे भरणारच होतो. भाच्याने रिमोट घेतला, पिक्चर सेटिंगमध्ये गेला, गेम मोड ऑन, दोन मिनिटं. ५०० परत मागितले तर म्हणे व्हिजिट चार्ज नॉन-रिफंडेबल. १०० मिलिसेकंदांचा लॅग म्हणजे ६ फ्रेम होतात, आणि विंडो २ ची. त्या टीव्हीवर बसवलेलं सगळं टायमिंग नंतर परत बसवावं लागलं.

तर आज रात्री तुझ्या त्या ९ मधल्या शेवटच्या तीन मॅचचे रिप्ले लाव, पॅरी किती वेळा दाबली आणि त्यातल्या किती वेळा समोरून काही आलं ते मोज, आणि आकडा इथेच टाक. माझ्या १९ च्या वर गेलास तर चहा तुझ्याकडून. आणि तू स्वतः झँगीफ खेळत असशील तर आयडी देऊ नकोस, मला उद्या ऑफिस आहे.