वाचकांचे प्रश्न : गाडीला सिरॅमिक कोटिंग करून घ्यावे का?

प्रश्न : गेल्या महिन्यात आम्ही काळ्या रंगाची नवी गाडी घेतली. गाडी ताब्यात देताना शोरूमने ३२,००० रुपयांत सिरॅमिक कोटिंग करून घेण्याचा बराच आग्रह केला. थर ‘९एच’ इतका कठीण असल्यामुळे ओरखडे पडणार नाहीत, पाच वर्षांची वॉरंटी आहे आणि गाडी धुण्याचीही फारशी गरज उरणार नाही, असे आम्हाला सांगण्यात आले. गाडी सोसायटीच्या आवारात झाडाखाली उघड्यावर उभी असते. रोज सकाळी एक माणूस ती पुसून जातो. एवढा खर्च करणे योग्य ठरेल का?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचा मजकूर ३२,००० रुपयांचा नसून रोज सकाळी गाडी पुसून जाणाऱ्या माणसाचा आहे. त्याच्या हातात कोणते फडके असते, ते तो किती गाड्यांना वापरतो आणि पुसण्याआधी गाडीवर पाणी ओततो की नाही, या तीन गोष्टींवर आपल्या काळ्या रंगाचे पुढील पाच वर्षांतील रूप जितके अवलंबून आहे तितके ते कोणत्याही कोटिंगवर अवलंबून नाही.

कारण समजण्यासाठी जाडीचा हिशेब पाहू. कारखान्यातून येणाऱ्या गाडीच्या पत्र्यावर प्रायमर, रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट असे थर असतात. हे सर्व मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतात आणि त्यांपैकी क्लिअर कोट ४० ते ५० मायक्रॉनच्या आसपास असतो. सिरॅमिक कोटिंग म्हणजे सिलिका किंवा तत्सम सिलिकॉनयुक्त रसायनांचा द्रव, जो क्लिअर कोटला घट्ट चिकटून वाळतो. त्याची जाडी बहुधा एक-दोन मायक्रॉनच असते. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या थराकडून चिलखताची अपेक्षा किती धरावी याचा अंदाज येईल.

‘९एच’ या शब्दाने पुष्कळ ग्राहकांची फसगत होते. रंगाच्या थराची कठीणता मोजण्याची एक जुनी आणि साधी चाचणी आहे : मऊपासून कठीणपर्यंत क्रम लावलेल्या पेन्सिली ठराविक कोनात, ठराविक वजनाखाली थरावरून सरकवायच्या आणि कोणत्या पेन्सिलीने चरा उमटतो ते पाहायचे. ९एच ही त्या क्रमातील शेवटची, सर्वांत कठीण पेन्सिल. म्हणजे कोटिंगवर ९एच पेन्सिलीचा चरा उमटला नाही, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. खनिजांची कठीणता मोजणारी, हिरा दहावर असलेली मोजपट्टी निराळी आहे, आणि तिचा या नऊशी काही संबंध नाही. त्या मोजपट्टीवर गारगोटी सातव्या क्रमांकावर येते. रस्त्यावरच्या धुळीत गारगोटीचे बारीक कण असतात. असे कण अडकलेले कोरडे फडके रोज सकाळी बॉनेटवरून गोल गोल फिरले, तर एक-दोन मायक्रॉनचा थर त्यांच्यापुढे किती दिवस टिकेल? उन्हात किंवा रात्री दिव्याखाली काळ्या गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारखे जे बारीक गोलाकार ओरखडे दिसतात, ते याच पुसण्यातून येतात. पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीवरही ते तितकेच पडतात. तेथे फक्त दिसत नाहीत.

मग कोटिंगचा उपयोग काय? उपयोग आहे, पण तो धुण्याशी निगडित आहे. थरावर पाणी पसरत नाही, थेंब होऊन घरंगळते आणि जाताना बरीचशी धूळ सोबत नेते. पावसाळ्यात दारांच्या खालच्या भागावर बसणारा चिखल कमी चिकटतो आणि पाण्याच्या फवाऱ्याने बराचसा निघतो, त्यामुळे घासावे कमी लागते. आणि घासणे कमी म्हणजे ओरखडे कमी. याच आडमार्गाने कोटिंग ओरखड्यांपासून संरक्षण देते. शिवाय आपली गाडी झाडाखाली असते. पक्ष्यांची विष्ठा आणि झाडाचा चीक उन्हाने तापून क्लिअर कोटमध्ये रुततात व तेथे कायमचा डाग राहतो. कोटिंग असेल तर त्याला वेळ लागतो. मात्र हा वेळ काही तासांचा असतो, आठवड्याचा नसतो. सुटीला गावी जाताना गाडी झाडाखाली सोडून गेलात, तर परतल्यावर डाग सापडेलच.

एक तोटाही सांगून ठेवतो, कारण विकणारे तो सांगत नाहीत. पुण्यातील बऱ्याच सोसायट्यांमध्ये वापरायचे पाणी बोअरचे, म्हणजे क्षारांचे असते. कोटिंग केलेल्या गाडीवर त्याचे गोल थेंब तसेच उभे राहतात, आणि ऊन लागताच प्रत्येक थेंबाच्या जागी क्षाराचा एक पांढरा ठिपका उरतो. असे ठिपके महिनोन्महिने साचले की नुसत्या शाम्पूने निघत नाहीत. म्हणजेच कोटिंगनंतर गाडी धुवावी तर लागतेच, शिवाय धुतल्यावर लगेच कोरडीही करावी लागते.

आता किमतीविषयी. एका गाडीला ३० ते ५० मिलिलिटरची बाटली पुरते. बाकीचे पैसे श्रमाचे आणि जागेचे असतात : गाडी धुणे, रंगात रुतलेले लोखंडाचे कण रसायनाने काढणे, क्लेने, म्हणजे रंगात अडकलेली घाण ओढून घेणाऱ्या मऊ मातीसारख्या गोळ्याने, पृष्ठभाग गुळगुळीत करणे, ओरखडे घालवण्यासाठी यंत्राने पॉलिश करणे, पॉलिशचे तेल पुसून काढणे, आणि मग बंद, धूळविरहित जागेत हातभर भाग घेत घेत थर लावणे. नंतर दिसणारी झळाळी मुख्यतः पॉलिशची असते. कोटिंग तिच्यावर झाकण घालते. नव्या गाडीला जड पॉलिशची गरज नसते, म्हणून तिचा दर जुन्या गाडीपेक्षा कमी असायला हवा. शोरूम हे काम पुष्कळदा बाहेरच्या माणसाकडून करून घेते आणि वर आपला हिस्सा ठेवते. त्यामुळे दोन-तीन स्वतंत्र डिटेलिंग स्टुडिओंचे, म्हणजे गाडीची बारकाईने सफाई, पॉलिश आणि कोटिंग करणाऱ्या दुकानांचे, दर विचारल्याशिवाय ३२,००० रुपये देऊ नयेत.

माझा सल्ला असा, की आधी कोरडे पुसणे बंद करावे. त्या दादांना फक्त काचा पुसायला सांगा, पगार तोच ठेवा. गाडी आठवड्यातून एकदा आपण किंवा आपल्या देखरेखीखाली दोन बादल्यांनी धुतली जावी : एका बादलीत शाम्पूचे पाणी, दुसरीत नुसते पाणी, आणि मायक्रोफायबरचा हातमोजा प्रत्येक वेळी दुसऱ्या बादलीत खळखळून मगच पहिल्या बादलीत बुडवायचा. ही शिस्त दोन महिने जमली तर कोटिंग अवश्य करून घ्या. काळ्या रंगावर त्याचे समाधान मिळते. जमली नाही तर ते पैसे वाचवा. कोटिंग केलेली आणि रोज कोरडी पुसली जाणारी गाडी सहा महिन्यांनी कशी दिसते, ते मी आमच्याच इमारतीत रोज पाहतो.

आपण मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरून वारंवार जात असाल, तर निराळा विचार करावा लागेल. पुढच्या ट्रकच्या चाकाखालून उडालेल्या खडीने बंपर आणि बॉनेटवर टवके जातात, आणि त्यांच्यापुढे सिरॅमिक कोटिंगचा अजिबात उपयोग नाही. त्यासाठी पीपीएफ, म्हणजे पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म असते. तिची जाडी साधारण १५० ते २०० मायक्रॉन असते आणि ती खडीचा मार खरोखर झेलते. संपूर्ण गाडीला ती लावण्याचा खर्च कोटिंगच्या कित्येक पट होतो, पण केवळ बंपर, बॉनेट आणि आरशांच्या मागच्या बाजूंना लावून घेतली तरी चालते. हमरस्त्यावरच धावणाऱ्या गाडीसाठी मी पैसे आधी तेथे घालीन.

प्रश्न : आमची पांढरी हॅचबॅक आठ वर्षांची आहे आणि घर समुद्रापासून जवळ आहे. दाराच्या खालच्या कडेला रंग फुगून गंज दिसू लागला आहे. सिरॅमिक कोटिंग केल्यास गंज थांबेल का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : थांबणार नाही. कोटिंग रंगाच्या बाहेरील बाजूला बसते, आणि आपला गंज आतून बाहेर आला आहे. दाराच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी बारीक छिद्रे असतात. कोकणात जांभ्याची लाल माती त्यांत बसून ती बुजतात, आत पाणी साचते, आणि खारी हवा उरलेले काम करते. फुगलेल्या रंगावर कोटिंग केले तर चकचकीत फुगवटा मिळेल, एवढेच.

आधी ती छिद्रे मोकळी करून घ्या, गंज पत्र्यापर्यंत खरवडून काढा, आणि प्रायमर-रंगाचे काम चांगल्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडून करून घ्या. गाडीच्या पोटाला गंजरोधक लेप द्या, आणि दर पंधरा दिवसांनी पोट व चाकांच्या कमानी गोड्या पाण्याच्या फवाऱ्याने धुवा. हा सगळा खर्च चांगल्या कोटिंगपेक्षा बहुधा कमीच होईल आणि गाडीचे आयुष्य खरोखर वाढवील. त्यानंतरही हौस उरली, तर नव्याने रंगवलेल्या भागातील द्रावके उडून जाण्यासाठी किमान एक महिना थांबा. शिवाय आठ वर्षांत गाडीला किती वेळा रबिंग-पॉलिश झाले आहे ते आठवून पाहा. प्रत्येक वेळी क्लिअर कोटचे काही मायक्रॉन कायमचे जातात. जाडी मोजण्याच्या यंत्राने सर्व भाग तपासल्याशिवाय जो यंत्राचे पॉलिश लावू पाहील, त्याच्याकडे गाडी देऊ नये.

प्रश्न : मी स्टुडिओला पैसे भरले आहेत, पण त्यांनी खरोखर सिरॅमिकच लावले की साधे पॉलिश, हे ओळखायचे कसे? आणि वॉरंटीवर किती विश्वास ठेवावा?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : गाडी परत देताना स्टुडिओवाले बॉनेटवर पाणी शिंपडून थेंब दाखवतात. तो पुरावा मानू नका, कारण नव्याने लावलेल्या साध्या मेणावरही थेंब तसेच उभे राहतात. फरक काही महिन्यांनी, मेण उतरल्यावर कळतो, आणि तोवर पावतीची शाई पुसट झालेली असते. जाडी मोजण्याचे यंत्रही येथे कामाचे नाही; एक-दीड मायक्रॉनचा फरक त्या यंत्राच्या चुकीतच बुडतो. त्यामुळे खात्री काम होतानाच करावी लागते. बाटली आपल्यासमोर फोडायला सांगा, तिच्यावरचे नाव आणि बॅच क्रमांक पावतीवर लिहून घ्या, आणि पॉलिश झाल्यानंतर पण थर लावण्यापूर्वी एकदा जाऊन गाडी प्रखर दिव्याखाली पाहा. त्या वेळी दिसणारे ओरखडे थराखाली तसेच राहणार आहेत. सकाळी सोडलेली गाडी संध्याकाळी ‘पॉलिश आणि कोटिंग करून’ परत मिळत असेल, तर काहीतरी गाळले आहे असे समजा.

वॉरंटीच्या कागदात दोन गोष्टी शोधा. पहिली, दर सहा महिन्यांनी किंवा वर्षाने सशुल्क ‘मेंटेनन्स’ करून घेण्याची अट. एक तारीख चुकली की वॉरंटी संपते. ते शुल्क मूळ किमतीत मिळवून मगच पाच वर्षांचा हिशेब करा. दुसरी, वगळलेल्या बाबींची यादी. तीत पक्ष्यांची विष्ठा, पाण्याचे डाग आणि ओरखडे बहुधा असतात, म्हणजे ज्यांच्यासाठी आपण कोटिंग घेतले त्याच गोष्टी. आपल्या गाडीला पहिला आठवडा शाम्पू लावू नका आणि पहिला दिवसभर पाणी लागू देऊ नका. काम भर पावसाळ्यात ठरले असेल, तर ते ऑक्टोबरपर्यंत पुढे ढकलण्यास सांगा.

प्रश्न : घरीच मारायचा सिरॅमिक स्प्रे पाच-सातशे रुपयांत मिळतो. तो पुरेसा आहे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : गाडी दोन-तीन वर्षांत विकणार असाल, किंवा ती झाकलेल्या पार्किंगमध्ये असेल, तर पुरेसा आहे. त्याचा परिणाम काही महिनेच टिकतो, पण धुतलेल्या गाडीवर सावलीत फवारून पुसायला अर्धा तास लागतो. पावसाळ्यापूर्वी एकदा आणि दिवाळीच्या सुमारास एकदा मारावा. उन्हात तापलेल्या पत्र्यावर मारू नये, पट्टे उमटतात.