स्पार्टाकसचं बंड, उठाव की युद्ध?

प्रश्न असा आला आहे: "रोमच्या इतिहासावर मराठीत एक टिपण लिहितो आहे. स्पार्टाकसचं 'बंड' लिहावं की 'उठाव'? सीझर आणि पॉम्पी यांच्यातलं 'गृहयुद्ध' की 'यादवी'? आणि 'सोशल वॉर'ला 'सामाजिक युद्ध' म्हटलं तर चालेल का?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथे उत्तर सरळ आहे. 'सामाजिक युद्ध' चालणार नाही. या युद्धाचा समाजाशी किंवा समाजसुधारणेशी काहीही संबंध नाही. इथला 'सोशल' लॅटिन 'सोकियुस'वरून आला, आणि त्याचा अर्थ साथीदार, करारानं बांधलेला दोस्त. इटलीतली अनेक नगरं आणि जमाती रोमशी अशा करारांनी जोडलेल्या होत्या. रोमच्या प्रत्येक मोहिमेला त्या सैनिक पुरवत, पण रोमचं नागरिकत्व मात्र त्यांना नव्हतं. मार्कुस लिव्हियुस ड्रुसुस या लोकप्रतिनिधीनं त्यांना ते देण्याचा प्रस्ताव मांडला आणि इ.स.पू. ९१ मध्ये त्याचा त्याच्या घरातच खून झाला. मग हे दोस्त रोमवर उलटले. त्यांनी कॉर्फिनियुम हे गाव राजधानी केलं, त्याचं नाव 'इटालिका' ठेवलं आणि स्वतःची नाणी पाडली. त्यातल्या काही नाण्यांवर इटलीचा बैल रोमच्या लांडगीला शिंगांनी चिरडताना दिसतो. इतकं स्पष्ट बोलणारं नाणं मी दुसरं पाहिलेलं नाही.

या दोस्तांना 'मांडलिक' म्हणावं असं एकदा माझ्या मनात आलं होतं. पण मांडलिक म्हटलं की खंडणी आली, आणि हे लोक खंडणी देत नव्हते, माणसं देत होते. 'मित्रपक्ष' हा शब्द आता निवडणुकीतल्या आघाड्यांनी पुरता व्यापला आहे. दुसऱ्या महायुद्धापासून 'दोस्तराष्ट्रे' हा शब्द आपल्याकडे रुळला आहे, त्यातला 'दोस्त' मला इथे योग्य वाटतो. पहिल्यांदा उल्लेख येईल तिथे 'रोमच्या इटलीतल्या दोस्तांनी पुकारलेलं युद्ध' असं सविस्तर लिहावं आणि पुढे 'दोस्तांचं युद्ध' एवढं पुरे. निकालही सांगून टाकतो. रणांगणावर रोम जिंकला, पण युद्ध चालू असतानाच, इ.स.पू. ९० मध्ये, जे रोमच्या बाजूनं राहिले त्यांना कायद्यानं नागरिकत्व मिळालं आणि नंतर इतरांनाही द्यावं लागलं. म्हणजे हरलेल्यांची मागणी मान्य झाली. हे 'बंड मोडलं' या शब्दांत सांगितलं तर अर्धी गोष्ट हरवते.

आता बंड आणि उठाव.

हे दोन शब्द एकाच घटनेकडे दोन ठिकाणांहून पाहतात. 'बंड' हा शब्द गादीवर बसलेल्याच्या तोंडचा आहे. बंड होतं, ते मोडलं जातं, बंडखोर पकडले जातात. 'बंडखोर'मधला 'खोर' हा फारसी प्रत्यय, मूळ अर्थ खाणारा. मराठीत तो ज्यांना चिकटला ते शब्द आठवून पाहा: लाचखोर, चुगलखोर, भांडखोर, दंगेखोर, नफेखोर, हरामखोर. एकही कौतुकाचा नाही. आज आपण एखाद्या कवीला किंवा मुलीला प्रेमानं 'बंडखोर' म्हणतो, तो रंग अलीकडचा. 'उठाव' हा साधा 'उठणे'पासून आलेला. बसलेला, दबलेला माणूस उठतो, एवढंच त्यात आहे. बाजारात मालाला उठाव असतो, चित्रातला रंग उठावदार असतो, कुठेही दोष नाही. म्हणून तर १८५७ च्या बाबतीत 'बंड' मागे पडून 'उठाव' आणि 'स्वातंत्र्यसमर' पुढे आले. घटना तीच राहिली, बघणारा बदलला.

स्पार्टाकसकडे या नजरेनं पाहू. इ.स.पू. ७३ मध्ये कापुआ इथल्या ग्लॅडिएटरांच्या शाळेतून सत्तर-ऐंशी जण पळाले. हातात काय, तर स्वयंपाकघरातले सुरे आणि मांस भाजायच्या सळया. ते व्हेसुव्हियसवर चढले. रोमन तुकडीनं खाली उतरायची एकमेव वाट अडवली, तेव्हा त्यांनी रानवेलींचे दोर विणले, कड्यावरून उतरले आणि मागून छापा घातला. इथपर्यंत 'उठाव' चपखल आहे. पण पुढच्या वर्षी त्यांनी दोन्ही कॉन्सलांच्या, म्हणजे रोमच्या दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांच्या, सैन्यांना हरवलं. हजारो गुलाम, गुराखी, शेतमजूर येऊन मिळाले. अखेर क्रासुस या सेनापतीला मोठी फौज देऊन पाठवावं लागलं आणि इ.स.पू. ७१ मध्ये शेवट झाला. कापुआपासून रोमपर्यंतच्या रस्त्याकडेला ६००० कैदी क्रुसांवर चढवले गेले. दोन वर्षं चाललेल्या, कॉन्सलांना पळवून लावणाऱ्या या प्रकाराला नुसता उठाव म्हणणं मला अपुरं वाटतं.

गंमत अशी की हाच प्रश्न रोमन लेखकालाही पडला होता. फ्लोरस नावाच्या इतिहासकारानं लिहिलं आहे की गुलामांशी युद्ध करण्याची नामुष्कीही एक वेळ सोसता येईल, पण स्पार्टाकसनं पेटवलेल्या या युद्धाला कोणत्या नावानं हाक मारावी ते मला कळत नाही, कारण यात शिपाई गुलाम होते आणि सेनापती ग्लॅडिएटर. म्हणजे तुमच्या शंकेला जवळजवळ एकोणीस शतकांची परंपरा आहे. आणि शब्दाची ही अडचण कागदापुरती नव्हती. शत्रू गुलाम असल्यामुळे क्रासुसला पूर्ण विजययात्रा मिळाली नाही, कमी दर्जाचा सोहळा मिळाला. त्यात मर्टल नावाच्या झुडपाचा मुकुट घालायचा असे. त्यानं खास ठराव करवून लॉरेलचा मुकुट पदरात पाडून घेतला. शत्रूला काय म्हणायचं यावर सेनापतीच्या डोक्यावर कोणती पानं येणार हे ठरत होतं!

माझ्या मते या सगळ्याच्या मुळाशी दोन भाषांतला फरक आहे. लॅटिन नाव शत्रू कोण ते सांगतं. शत्रू गुलाम असेल तर 'सेर्व्हिले' युद्ध, दोस्त असेल तर 'सोकियाले', स्वतःचाच नागरिक असेल तर 'किव्हिले'. युद्ध तेच, विशेषण बदलतं. मराठी शब्द कृत्याची जात सांगतात: बंड, उठाव, फितुरी, यादवी, कट, पुंडाई. म्हणून लॅटिनमधून थेट किंवा इंग्रजीमार्फत येणाऱ्या नावाला एकच मराठी शब्द शोधत बसलं की काहीतरी सांडतं. तुमच्या टिपणाचं शीर्षक 'स्पार्टाकसचा उठाव' ठेवा, इ.स.पू. ७२ पासूनच्या भागात 'गुलामांचं युद्ध' म्हणा, आणि सेनेटच्या, म्हणजे रोमच्या कारभारी सभेच्या, तोंडी शब्द घालायचा असेल तिथे खुशाल 'बंड' लिहा. तिथे तोच खरा.

'विद्रोह' मात्र मी इथे टाळेन. दलित साहित्यानं आणि चळवळींनी त्या शब्दाला मराठीत जो मान मिळवून दिला आहे तो मोठा आहे, आणि स्पार्टाकसला तो शोभेलही. पण शब्दाच्या पोटात 'द्रोह' आहे: मित्रद्रोह, विश्वासद्रोह, राजद्रोह. द्रोह करायला आधी कुणीतरी विश्वास टाकलेला असावा लागतो. बाजारात विकत घेतलेल्या आणि मरेपर्यंत लढवायला ठेवलेल्या माणसावर कुणी कसला विश्वास टाकला होता? 'क्रांती'ही नको. ही माणसं सुटायला निघाली होती, राज्यव्यवस्था बदलायला निघाली होती असं म्हणायला आधार नाही. जाता जाता, लॅटिनमध्ये सत्तापालटाला जो शब्दप्रयोग होता त्याचा शब्दशः अर्थ 'नव्या गोष्टी'. 'नव्या गोष्टींची हाव असलेला' हे रोममध्ये गंभीर दूषण होतं, कातिलिनासारख्या कटवाल्यांना लावलं जाणारं. भाषांतर करताना कुणी त्याचं 'नावीन्याची आवड असलेला' केलं तर अनर्थ होईल.

अर्थातच या शब्दांवरून रोममध्ये प्रत्यक्ष भांडणंही झाली. इ.स.पू. ४३ च्या फेब्रुवारीत सेनेटमध्ये मार्क अँटनीविरुद्धच्या मोहिमेला काय म्हणावं यावर चर्चा झाली. 'बेल्लुम', म्हणजे युद्ध, की 'तुमुल्तुस', म्हणजे अचानक उसळलेली धोक्याची गडबड? अँटनीचा मामा लूकियुस सीझर सभेत होता. 'युद्ध' हा शब्द त्याला फार कठोर वाटला आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणे 'तुमुल्तुस' ठरलं. दुसऱ्या दिवशी प्रसिद्ध वक्ता सिसरो उठला आणि त्यानं शब्दाचीच चिरफाड केली. तुमुल्तुसशिवाय युद्ध असू शकतं, पण युद्धाशिवाय तुमुल्तुस असू शकत नाही, कारण तो जाहीर झाला की सैन्यभरतीतल्या सगळ्या सवलती रद्द होतात. मामांनी भाच्यासाठी सौम्य शब्द निवडला तो प्रत्यक्षात जास्त जड आहे! या भाषणात त्यानं 'तुमुल्तुस'चा संबंध 'तिमोर', म्हणजे भीती, या शब्दाशीही जोडला. ती व्युत्पत्ती चुकीची आहे, तो शब्द सुजणे, फुगणे या अर्थाच्या धातूवरून आला. पण भर सभेत, डोक्यावर युद्ध असताना, शब्दाच्या अर्थावरून इतका खल करणारी माणसं मला फार जवळची वाटतात.

या 'तुमुल्तुस'ला मराठीत काय म्हणाल? आपल्याकडे एक सुंदर जुना शब्द आहे: धामधूम. आज धामधूम फक्त लग्नात आणि गणपतीत उरली आहे, पण जुन्या मराठीत मुलखात धामधूम माजली म्हणजे फौजा फिरत आहेत, रयत घाबरली आहे, वाटा बंद आहेत. आजच्या वाचकाला समजावून सांगावा लागेल म्हणून टिपणात 'आणीबाणी'च बरी. तरी मनातून माझं मत धामधुमीला आहे.

आता राहिला सीझर आणि पॉम्पीचा प्रश्न. 'गृहयुद्ध' चूक नाही, हिंदीतून आलं आणि वृत्तपत्रांत स्थिरावलं. 'नागरी युद्ध' मात्र लिहू नका. लॅटिन 'किव्हिस' म्हणजे नागरिक हे खरं, पण मराठीत 'नागरी' म्हटलं की सहकारी बँक आणि पाणीपुरवठा आठवतो. 'भाऊबंदकी'चाही मोह होईल, कारण नातं तर होतं: पॉम्पी सीझरचा जावई. सीझरची मुलगी युलिया त्याला दिली होती आणि जावई सासऱ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा होता. रोमन कवी या युद्धाला सासरा-जावयाचं युद्ध म्हणूनच पाहतात. पण भाऊबंद म्हणजे एका कुळातले, वाटणीवरून भांडणारे. व्याही-जावई त्यात येत नाहीत. शिवाय युलिया इ.स.पू. ५४ मध्ये वारली, त्यानंतर पाच वर्षांनी सीझरनं फौजेसह रुबिकॉन ही सीमेवरची नदी ओलांडली आणि युद्ध सुरू झालं. तेव्हा प्रश्न घरच्या वाटणीचा राहिला नव्हता.

म्हणून माझं उत्तर ठामपणे 'यादवी'. आमच्याकडे चुलत-मावस भावंडं सुट्टीत जमून हातघाईवर आली की आजी म्हणायची, "यादवी माजली ही!" शब्द महाभारताच्या मौसलपर्वातला. ऋषींच्या शापातून निघालेलं मुसळ कुटून समुद्रात टाकलं, त्याच्या चुऱ्याची एरका गवत होऊन उगवली, आणि प्रभासक्षेत्री मद्य प्यालेल्या यादवांनी तेच गवत उपटून एकमेकांना मारलं. बाहेरचा शत्रू कुणीही नव्हता. 'किव्हिले' युद्धातलं दुःख नेमकं हेच आहे, आणि रोमन लोकांना त्याची लाज वाटे. स्वतःच्या नागरिकांवर मिळवलेल्या विजयाची विजययात्रा काढायची नाही, असा संकेत होता. इ.स.पू. ४६ मध्ये सीझरनं चार विजययात्रा काढल्या, त्या गॉल, इजिप्त, पोंटस आणि आफ्रिकेच्या नावानं. पॉम्पीचं नाव नव्हतं. पुढच्या वर्षी पॉम्पीच्या मुलांवरच्या विजयाची यात्रा काढली, तेव्हा लोक दुखावले.

सीझरचा वारस ऑक्टेव्हियन या बाबतीत फार सावध होता. इ.स.पू. ३२ मध्ये युद्ध पुकारलं ते फक्त क्लिओपात्राविरुद्ध, अँटनीविरुद्ध नाही. म्हणजे कागदावर यादवी नव्हतीच, परकीय राणीशी युद्ध होतं. पुढे ऑगस्टस म्हणून त्यानं स्वतःच्या कामगिरीचा जो लेख लिहिला, तो अंकारातल्या देवळाच्या भिंतींवर अजून वाचता येतो. त्यात पॉम्पीचा मुलगा सेक्स्तुस याचं नाव नाही. समुद्र 'चाच्यां'पासून मुक्त केला आणि पळालेले सुमारे ३०००० गुलाम शिक्षेसाठी त्यांच्या मालकांना परत केले, एवढंच आहे. अँटनीचंही नाव नाही, नुसती एक 'टोळी' आहे. तुमच्या टिपणात असा उतारा आला तर 'चाचे' हा शब्द ऑगस्टसचा आहे, इतिहासाचा नव्हे, हे वाचकाला जरूर सांगा.

इ.स. ६९, चार सम्राटांचं वर्ष, हेही यादवीच. गाल्बा, ओथो, व्हिटेलियुस आणि व्हेस्पासियन, प्रत्येकामागे रोमचंच सैन्य. त्याच सुमारास ऱ्हाईनच्या मुखाशी किव्हिलिस नावाच्या, बटाव्ही जमातीच्या सरदारानं व्हेस्पासियनची बाजू घेतल्याचा बहाणा करून रोमविरुद्ध शस्त्र उचललं. त्याला आधी यादवीतला एक पक्ष आणि नंतर उठाव असं दोन्ही म्हणावं लागेल. पण 'यादवी' या शब्दाची खात्री ज्याला हवी असेल त्यानं रोमन इतिहासकार टॅसिटसनं सांगितलेली, इटलीतल्या क्रेमोनाजवळची रात्रीची लढाई वाचावी. स्पेनचा एक माणूस घरी लहान मुलगा ठेवून एका लीजनमध्ये, म्हणजे रोमन सैन्याच्या मोठ्या पलटणीत, भरती झाला होता. मुलगा मोठा होऊन गाल्बानं उभारलेल्या सातव्या लीजनमध्ये गेला. त्या रात्री समोरासमोर आल्यावर मुलानं बापाला पाडलं, आणि अंगावरचं लुटायला वाकला तेव्हा दोघांची ओळख पटली. मरणाऱ्या बापाला मिठी मारून तो क्षमा मागत राहिला. मग त्यानं प्रेत उचललं, माती उकरली आणि पुरलं. जवळच्या शिपायांनी ते पाहिलं, रांगेत कुजबुज पसरली, सगळ्यांनी या युद्धाला शिव्या घातल्या. आणि तरीही, टॅसिटस म्हणतो, आपल्याच नात्यागोत्यातल्या माणसांना मारण्याचा आणि लुटण्याचा त्यांचा हात काही थांबला नाही.

मौसलपर्वातही मुलानं बापाला मारलं आणि बापानं मुलाला, असंच आहे.