इसार बुडाला का, ते एका तारखेवर आहे

अमेरिकेत ॲरिझोना राज्यात, फीनिक्सजवळ रिओ व्हर्दे फूटहिल्समध्ये बैठं घर, मागे दोन घोड्यांची पागा. एका वाचकांनी करार करून इसार भरला आणि चौदाव्या दिवशी त्यांना कळलं, की घराला बोअर नाही, पाणी टँकरचं आहे. आता माघार घेतली तर इसार परत मिळेल का? घर बदलतं, प्रश्न हाच येतो.

घर तपासून घ्यायला मिळणाऱ्या १० दिवसांबद्दल बोलत नाही. ते करारातच छापलेले होते. त्या मुदतीत लेखी हरकत घेतली नाही, की घर पसंत आहे असं धरलं जातं. तुम्ही मूळचे बीडचे. पाणी कुठून येतं, हा तुमचा पहिला प्रश्न असायला हवा होता!

खरा मुद्दा वेगळाच आहे, आणि तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखही नाही. विक्रेत्याने 'ॲफिडेव्हिट ऑफ डिस्क्लोजर', म्हणजे जमिनीची माहिती उघड करणारं प्रतिज्ञापत्र, दिलं का? कधी? ॲरिझोनाच्या कलम ३३-४२२ प्रमाणे शहराच्या हद्दीबाहेरची, सबडिव्हिजन नसलेली पाच किंवा कमी तुकड्यांतली जमीन विकताना ते हस्तांतराच्या किमान ७ दिवस आधी द्यावंच लागतं. पाणी, रस्ता, पूरक्षेत्र, सगळं त्यात येतं. ते मिळाल्यापासून ५ दिवस खरेदीदाराला व्यवहार रद्द करता येतो. मिळालंच नसेल, तर हे दिवस अजून सुरूच झालेले नाहीत.

पाचचा आकडा उगाच नाही. सहा तुकडे पाडले, की ती सबडिव्हिजन ठरते आणि त्या भागात १०० वर्षांच्या पाण्याची हमी दाखवावी लागते. म्हणून लोक पाचावर थांबत गेले आणि वस्ती टँकरवर वाढली. १ जानेवारी २०२३ला शेजारच्या स्कॉट्सडेल शहराने त्या टँकरांचं पाणी तोडलं, तेव्हा सगळे जागे झाले.

५ दिवस उलटून गेले असतील तर अवघड आहे. प्रतिज्ञापत्रात पाण्याबद्दल खोटं लिहिलं असेल तर दावा उभा राहू शकतो, पण छापील करारात आधी मध्यस्थी, मग लवाद किंवा कोर्ट, आणि तिथे तारखांवर तारखा. घोडे ठेवता येतील का, हे झोनिंग (कुठल्या जमिनीवर काय चालतं, याचे नियम) आणि जमिनीवरचे निर्बंध पाहिल्याशिवाय सांगणार नाही.

आज ईमेल उघडा, स्पॅमसुद्धा, आणि ते प्रतिज्ञापत्र कधी आलं ते पाहा. रविवार वगळून दिवस मोजू नका. मुदत असेल तर रद्द करत असल्याची लेखी नोटीस विक्रेत्याच्या एजंटला आणि एस्क्रोला (इसार सांभाळणाऱ्या त्रयस्थ कंपनीला), दोघांनाही पाठवा. व्हॉट्सॲपवर नको.