‘वोन्टे’ला हात लावण्याआधी

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

योहानाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय जर्मनमध्ये करायला घेते आहेस, तर आधी चार रकाने आख: जुन्या कराराचं हिब्रू मूळ, त्याचं जुनं ग्रीक भाषांतर सेप्टुआजिंट, योहानाचं ग्रीक आणि तुझ्या वाचकाच्या घरातलं जर्मन बायबल. चौथा रकाना बहुतेक जण गाळतात, आणि घोटाळा तिथेच होतो. मूळ शब्द वाचकाच्या कानात नसेल, तर योहानातला जुन्या कराराचा पडसाद उमटणार कसा?

पहिलं वचन सोपं आहे. २०१७च्या लूथर बायबलात उत्पत्ती ‘आम आन्फांग’ने, म्हणजे ‘प्रारंभी’ने, सुरू होते, योहान ‘इम आन्फांग’ने. २०१६च्या कॅथलिक ‘आइनहाइट्स’ भाषांतरात दोन्हीकडे ‘इम’ आहे. तेच घे.

१:१४ला मात्र थांब. शब्द देही झाला, त्यापुढचं क्रियापद ‘एस्केनोसेन’. त्यात ‘स्केने’ म्हणजे तंबू आहे, आणि सेप्टुआजिंटमध्ये निर्गमातल्या निवासमंडपाला, म्हणजे देवाच्या तंबूवजा मंदिरालाही, हाच शब्द आहे. म्हणून ‘त्सेल्टेटे’, तंबूत राहिला, असं लिहायचा मोह होईल. नको. जर्मन माणसाला त्यात सुट्टीतलं कॅम्पिंग ऐकू येतं. लूथरचं ‘वोन्टे’, राहिला, फिकं वाटतं खरं. पण त्याच बायबलात निर्गम ४०:३४ काढ. ढग मंडप झाकतो आणि परमेश्वराची ‘हेर्लिशकाइट’, म्हणजे तेज, ‘वोनुंग’, म्हणजे निवासस्थान, भरून टाकते. योहानातही ‘वोन्टे’च्या पाठोपाठ ‘हेर्लिशकाइट’ येते. आज ‘वोनुंग’ म्हणजे फ्लॅट, हे मान्य. तरी ‘वोन्टे’ आणि ‘हेर्लिशकाइट’ शेजारी आले की जाणत्या वाचकाला निर्गम आठवतं. ही जोडी मोडू नकोस; तंबू तळटीपेत सांग.

वचनाचा शेवट, ‘कृपा आणि सत्य यांनी परिपूर्ण’, खरा अवघड. निर्गम ३४:६मधली ‘हेसेद’ (दया) आणि ‘एमेत’ ही हिब्रू जोडी इथे ऐकू येते. तिथे सेप्टुआजिंटचे शब्द वेगळे आहेत, त्यामुळे नुसतं ग्रीक पडताळलंस तर ती हातची निसटेल. लूथरमध्ये निर्गमात ‘ग्नाडे’ (कृपा) आणि ‘ट्रॉये’ (निष्ठा), योहानात ‘ग्नाडे’ आणि ‘वारहाइट’ (सत्य). ‘एमेत’मध्ये निष्ठाही आहे, सत्यही. ‘ट्रॉये’ घेतलंस तर निर्गम जुळेल, पण योहान १४:६मध्ये येशू स्वतःला ‘वारहाइट’ म्हणवतो, तो धागा तुटेल. माझा कौल ‘वारहाइट’ला. ‘ट्रॉये’ही तळटीपेत जाऊ दे.

मसुदा पाठवशील तेव्हा चारही रकाने जोड.

तुझा,
जुना शिक्षक